आत माणूस: नाही

मंगळवार, ११ मार्च

पंप परत उभा राहिला — माणूस मात्र गळाला!

आज चाचणी घेतली. बांधावरच्या पंपाची सगळी स्थिती आमचा प्रोग्राम साध्या मजकुरात, जेसन फाइलमध्ये, लिहून ठेवतो. वीज जाऊन आली की त्या फाइलवरून पंप जसाच्या तसा उभा करतो. वेग आला, तापमान आलं, पाण्याची पातळी आली. ‘आत माणूस’ला मी ‘हो’ ठेवलं होतं. परत आलं ‘नाही’. फाइल उघडली तर ती ओळच नाही! हा रकाना गेल्या वर्षी नवा घातला, पण तो फाइलमध्येही लिहायला हवा हे कोणालाच सुचलं नाही. फाइलमध्ये नाही म्हणजे आत कोणी नाही. मग पाणी चढलं की पंप आपणहून सुरू — जाळी साफ करायला पाणबुडे उतरलेले असले तरी.

बुधवार, १२ मार्च

सीत्सेला दाखवलं. साहेब तो, त्याला घाई कशाची. दोन ओळींची दुरुस्ती, मंजुरी म्हणे एप्रिलमध्ये. पाणबुडे उतरण्याआधी पंपाच्या खटक्याला आपापलं कुलूप लावतातच की, मग पंप सुरू होईलच कसा, म्हणाला. वर — “उगाच बोभाटा करू नकोस.” कपाळ माझं!

रविवार, १६ मार्च

आईचा वाढदिवस. सगळे गोलात खुर्च्या मांडून, मांडीवर केकच्या बशा. माझा धाकटा भाऊ डौवे आला, तो याच पंपावरचा पाणबुडा, आणि त्याच्याबरोबर पाण्यात उतरणारा येल्मर. येल्मरने नेहमीसारखी माझी खेचली — पाण्याचे प्रोग्राम लिहितेस, पोहता तरी येतं का?

डौवेला बाहेर कोटांपाशी ओढलं. कुलूप लावतोस ना? हसला मेला.

“ताई, तुमचा तो ‘आत माणूस’चा लाल दिवा आल्यापासून कुलपं गाडीत गंजतायत.”

सगळं सांगितलं. कुलूप लावशीलच, अशी आईची शपथ घातली. नोकरीची भीती होतीच, म्हणून हे तुझ्यापाशीच ठेव असंही म्हटलं. आत येल्मर केकचा दुसरा तुकडा मागत होता.

गुरुवार, २० मार्च

पुन्हा सीत्सेकडे गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार, २१ मार्च

डौवेची पाळी संपली. आपलं कुलूप काढून तो घरी निघाला. मग येल्मर उतरला, नुसत्या लाल दिव्याच्या भरवशावर.

दुपारी वीज गेली. लगेच आली. पंप सुरू झाला.

डौवे फोनवर रडला नाही. एवढंच विचारलं — “ताई, रविवारी कोटांपाशी तू मला सांगितलंस, तेव्हा येल्मर आतल्या खोलीतच होता ना गं?”