जुईलीचा लॅपटॉप आणि भावजींची लिंक

ती. सौ. आक्कास,

माल्याहून साधनाचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आता कसं आहे? जिने चढू नकोस म्हटलं तर तू गच्चीवर पापड घालतेस, हे मला कळलं आहे. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. एक लॅपटॉप तेवढा आजारी होता.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. तुझ्याकडे फोन केला की भावजी तो स्पीकरवर टाकतात आणि तू बोलायच्या आधी स्वतः उत्तर देतात. म्हणून पत्र. (पाकिटावर मुद्दाम "फक्त आक्कासाठी" लिहिलं आहे, म्हणजे आधी तेच फोडणार. नमस्कार, भावजी.)

तर जुईलीला तुमच्या कराडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आम्ही पिरंगुटला जाऊन लॅपटॉप आणला. दुकानदाराने यंत्र दाखवलं थोडा वेळ आणि भीती दाखवली त्याहून जास्त. वेगळा अँटिव्हायरस घेतला नाही तर पोरीचा अभ्यास, फोटो, बँकेचं खातं, सगळं जाणार. "वहिनी, मग रडत माझ्याकडंच याल." माणूस इतका कळवळून बोलत होता की मला त्याच्याच प्रकृतीची काळजी वाटली. जुईली शांतपणे म्हणाली, आत एक राखणदार कंपनीनेच बसवून दिलेला असतो, तो चालू ठेवायचा, अपडेट करायचा आणि भलत्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. दुकानदाराने तिच्याकडे असं पाहिलं जसं काही मुलीने घरातून पळून जायचा बेत सांगितला.

घरी आल्यावर सासूबाईंनी लॅपटॉपची दृष्ट काढली. ट्रॅक्टरची काढली, गिरणीच्या मोटरची काढली, मग याने काय घोडं मारलं? "लई देखणी वस्तू हाय, चार जणींनी बघितलीया," म्हणाल्या. झाकण मिटून काढा म्हटलं तर ऐकेनात. मिटलेल्या पेटीची दृष्ट काढली तर ती पेटीचीच निघते, आतल्याची न्हाई, असं त्यांचं शास्त्र. मुठीत मीठ-मोहरी घेऊन उघड्या लॅपटॉपवरून त्यांनी ती ओवाळली. त्यांचा हात हल्ली थरथरतो. थोडं सांडलं, मी फरशी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी जुईली हॉस्टेलचा अर्ज भरायला बसली. संध्याकाळी पाचपर्यंतच मुदत. हॉस्टेलची गरज का आहे, यावर एक परिच्छेद लिहायचा होता. तिने तो लिहिला, आणि आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत तो शेवटाकडून पुसला जायला लागला. कुणी हात लावलेला नाही आणि अक्षरं आपली एकेक करून चालली आहेत! पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. (फोनवरून का नाही भरला, म्हणशील. फोनवर ती वेबसाइट उघडते, पण "पाठवा"चं बटण स्क्रीनच्या बाहेर राहतं. कुणी विद्वानाने केली असणार.) पोरगी बिचारी लॅपटॉप घरीच ठेवून, दुकानदाराला बोलवायला बस पकडून पिरंगुटला धावली. दुकानाला सुट्टी.

इकडे मी एकटी. माझं मन तुला ठाऊक आहे, घाबरलं की माहेरच्या दिशेने पळतं. तुला फोन लावला आणि अर्थातच भावजी बोलले. आक्का, तुझ्या नवऱ्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं या जन्मात घडलं आहे का गं? लक्षण पुरतं ऐकायच्या आत निदान झालं होतं: "व्हायरस अक्षरं खातोय!" मग त्यांनी एक फुकट अँटिव्हायरसची लिंक पाठवली. ती त्यांना कुणा निवृत्त मित्राने पाठवलेली, त्याला आणखी कुणी. आतला राखणदार ओरडला, हे घेऊ नका. भावजी म्हणाले, तो जळतो, त्याला बंद करा. मी बंद केला. खऱ्या राखणदाराला झोपवून दरवाजा चोराला उघडून द्यायला सांगणारा माणूस ऑफिसात संगणक विभागाचा प्रमुख होता म्हणे! त्या ऑफिसचं काय झालं असेल, विचारवत नाही.

मग जी लाल खिडकी उघडली ती मिटेना. लॅपटॉप कुत्र्यासारखा भुंकायला लागला. शेकडो व्हायरस सापडले म्हणे, घालवायचे तर पैसे भरा. कालचा आणलेला लॅपटॉप, त्याने एवढे शेकडो गोळा कधी केले? जुईली आली, तिने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "आई" एवढंच म्हणाली. तिने मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. सगळं पुसून लॅपटॉप नव्यासारखा करेपर्यंत पाच वाजून गेले होते. आणि गंमत बघ, त्यानंतरही अक्षरं पुसली जातच होती!

तेव्हा मात्र पोरीने संतापून लॅपटॉप उलटा केला आणि सुपातलं धान्य पाखडावं तसा झटकला. तडतड करत मोहऱ्या खाली पडल्या. एक अजून पुसायच्या बटणाखाली अडकलेली होती, ती तिने टाचणीने काढली. अक्षरं जागेवर थांबली. सासूबाई त्या वेचायला बसल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "बगा, नजर लागलीच व्हती. मोहरीनं धरून ठिवली."

तेव्हा निकाल असा: वेगळा अँटिव्हायरस नको. आतला पुरेसा आहे, फक्त त्याला नातेवाइकांपासून वाचवायला हवं. भावजींना कळव.

तुझी,
साधना

ता. क. हॉस्टेलच्या यादीत अर्थातच जुईलीचं नाव नाही. या वर्षापुरती ती तुझ्याकडे राहिली तर चालेल का? खायला कटकट करत नाही. भावजींचं ज्ञान तसं दांडगं आहे, जरा घाईचं आहे इतकंच. वर काही तिखट लिहिलं गेलं असेल तर ते माझ्या स्वभावाचं समजावं.

ता. क. तिला सोडायला सासूबाईही येताहेत. मीठ-मोहरीची पिशवी भरून झाली आहे. तुमच्या घरात उघडझाप होणारं जे जे आहे ते मिटून ठेव.

ता. क. एक तुला सांगायलाच हवं. त्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य होतं, "कराडमध्ये आमचं कुणीही नाही." ते मीच लिहायला लावलं होतं. तुझा गुडघा, त्यात तरण्या पोरीची जबाबदारी, तुला भार नको म्हणून. शेवटचं म्हणून पहिल्यांदा तेच पुसलं गेलं. पोरीने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच गेलं. तेव्हा मी व्हायरसला लाख शिव्या दिल्या. आता वाटतं, एवढ्या सगळ्या गोंधळात घरात एकटी ती मोहरीच काय ते खरं बोलत होती.