पिवळ्या चांदीचं पाणी

रविवार, ४ जानेवारी १९९८

चांदी पिवळी असती! साठी उलटल्यावर आज कळलं.

दीक्षा सांगलीहून आली ती पाच-पाच लिटरचे तीन डबे घिऊन. कंडक्टर एस.टी.त चढूच देईना म्हणं, रॉकेल हाय का म्हणून त्यानं टोपण काढून वास घेतला. वास कसलाच न्हाई. घरी आल्यावर तिनं बाटलीत ओतून उन्हाला धरलं — करडईच्या तेलासारखं पिवळंधमक! म्हणली, "आजी, ही चांदी."

मी म्हणलं, "सोनारानं असं सांगितलं असतं तर त्याला गादीवरनं खाली वडला असता."

"अगं, लय लय बारीक केली की चांदी पिवळी दिसती. आन् सोनं लाल."

किती बारीक? तर केसाच्या जाडीत हजारो कण शेजारी शेजारी बसतील. मी डोक्यातला एक केस उपटून उजेडात धरला. पांढरा निघाला. मला काय दिसलं न्हाई, पर पोरगी खोटं बोलायची न्हाई. एम.एस्सी. झाली, आता कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली हेच करती. मी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली, तीबी माझ्या पोराला, धोंडिरामाला, नोकरी लागून पोरंबाळं झाल्यावर. तिथल्या बाई म्हणल्या होत्या, रोज चार ओळी लिहा न्हाईतर विसराल. म्हणून लिहिते. विसरायचं न्हाई मला.

तर पुढं काय काय होणार हाय ते तिनं जेवताना सांगितलं. रक्तात सोडायची यंत्रं निघणार, ती आतनंच दुखणं काढणार. (माझ्या गुडघ्यात पयलं सोड म्हणलं.) कापडाला डाग लागायचा न्हाई. गढूळ वड्याचं पाणी गाळून नारळासारखं गोड प्यायचं. सगळं कण-कण रचून करायचं, त्यामुळं वाया काय जाणारच न्हाई. "आजी, कचराच उरायचा न्हाई बघ जगात!"

मग दोघींनी मिळून पाच माठ त्या पाण्यात बुडवून काढले आन् वाळत घातले. असल्या माठात पाणी ठेवलं की जुलाबाचे जंतू मरतात. गल्लीत पाच घरी द्यायचे, पोरं किती आजारी पडतात ते बघायचं.

माठ बुडवून घमेल्यात निम्मं पाणी उरलं. जाताना म्हणली, "हे टाकून दे कुठंतरी."

सोमवार, ५ जानेवारी

चांदी कोण टाकतं! उभ्या जन्मात माझ्या वाट्याला चांदी आली ती पायातली जोडवी. मोरीत ओतायला हात होईना. वड्यात तर न्हाईच, ती गेली असती खालच्या गावाला.

गोबरगॅसच्या टाकीत घातलं. तसंबी रोज सकाळी शेण कालवायला पाणी लागतंच. राडा निघतो तो आपल्याच एकरात जातो. चांदी घरच्या घरात राहिली!

रविवार, ११ जानेवारी

माठांचं लय नाव झालं. हरणाबाई आली. ही आमच्या वावराच्या बांधाला बांध असलेली. आमच्या मागनं पाटलांच्या आडावर घागर लावायला हिची सासू विटाळ नको म्हणून घागर इसळून घ्यायची. आज म्हणती, "बनाबाई, आमालाबी दे की गं एक माठ."

मी मुद्दाम म्हणलं, "आमच्या हातचा? व्हय?"

"व्हय की! चांदीनं समदं मरतंय म्हणं."

बघू आता, जंतूंबरोबर आनखी काय काय मरतंय!

दीक्षानं आज सात माठ बुडवले. घमेलंभर उरलं. टाकीत.

संध्याकाळी धोंडिरामानं विषय काढला. एस.टी.च्या डेपोतनं आला, हात धुतले, ग्रीस निघालं न निघालं तोवर म्हणला, "दीक्षे, बेंगलोरला पुढं शिकायला जागा मिळाली तर जा. मी आडवा येत न्हाई. न्हाई मिळाली तर वैशाखात कोयनानगरचा राजरत्न. त्यांला आता किती थांबवायचं?"

पोरगा वाईट न्हाई. पॉवर हौसला हाय, नाकीडोळी नीट. पर तिथं धरणी हलती. मांडलेली भांडी फळीवरनं आपोआप खाली येत्यात. सून काय करंल, लावंल का झेलंल?

दीक्षा म्हणली, "आबा, सर माझं नाव तिकडं धाडणार हायत. ते फेब्रुवारीत माठ बघायला येणार, मग ठरणार." एवढं बोलली आन् ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. तवा मला कळलं की पोरीचा सगळा जीव त्या पिवळ्या पाण्यात हाय.

मंगळवार, २० जानेवारी

गॅसची ज्योत बारीक झालीया. शालूनं (माझी सून, दीक्षाची आई) सुई घालून बर्नर साफ केला. काय न्हाई.

शनिवार, २४ जानेवारी

टाकीवरचा लोखंडी ड्रम रोज सकाळी माणसाच्या कमरेएवढा वर येतो, तो खाली बसलाय. धोंडिराम म्हणतो थंडी हाय. शालू म्हणती म्हशीला उसाच्या शेंड्यांचं वाडं जास्त झालं. हरणाबाई म्हणली नजर लागली. म्हस काय बोलत न्हाई, ती एकटीच शहाणी.

रविवार, १ फेब्रुवारी

गॅस बंद! शालूनं अडगळीतनं चूल काढली. सहा वरसं चुलीपुढं बसली न्हवती. धुरानं डोळे चोळत म्हणती, "आत्याबाई, तुमची नात रक्तात यंत्रं सोडणार आन् आमी इथं फुकणीनं फुकतोय."

खरं हाय. पर हसू आलं मला. तिलाबी आलं, खोकत खोकत.

माठ मात्र लय भारी. गल्लीत एका पोराला जुलाब न्हाई. दीक्षा वहीत लिहून घिऊन गेली, उड्या मारत.

रविवार, ८ फेब्रुवारी

सर आले. गाडीनं. चष्मा, पांढरा शर्ट, बोलणं छापल्यासारखं. घरोघर माठ बघितले, पोरांच्या पाठीवर हात फिरवला. हरणाबाईच्या घरातला माठ बघून तर खूशच झाले. म्हणाले, "हे बघ दीक्षा, विज्ञानानं सामाजिक परिवर्तन!" हरणाबाईला काय कळलं न्हाई. मला कळलं.

मग चहा. शालूनं चुलीवर ठेवला. धूर सगळा सरांच्या अंगावर. शर्टाचं काय झालं इचारूच नका! (आत्ताच कापडाला डाग न लागायचं औषध निघायला पायजे होतं.)

सर डोळे पुसत म्हणाले, "आजी, गोबरगॅस आहे ना तुमच्याकडं?"

"हाय की, पर बसलाय."

दीक्षा म्हणली, "कशानं गं?"

मी म्हणलं, "काय की बाई. काळजी तर एवढी घेतो. तुझं चांदीचं पाणीसुद्धा सगळं त्यातच घातलं. एक थेंब वाया घालवला न्हाई!"

मी लय मोठं काम केल्यासारखं सांगितलं. आन् बघितलं तर पोरीचा चेहरा पांढराफटक. कपबशी तिनं खाली ठेवली.

"सगळं, आजी?"

"सगळं. घमेली धुऊन."

मग तिनंच सांगितलं, हळू आवाजात. शेणात जंतू असत्यात, तेच गॅस करत्यात. "जुलाबाचा जंतू कुठला आन् आपला चहा उकळणारा जंतू कुठला, चांदीला काय कळतंय गं!"

सर हसले. "छे छे. एवढ्या मोठ्या टाकीला एवढ्याशा पाण्यानं काय होतंय! थंडीनं बंद पडला गॅस. दीक्षा, तू माठांचं लिही. टाकीचा विषय त्यात आणायचा नाही. पाठवायचंय ना बेंगलोरला?"

धोंडिरामानं मान हलवली. मीबी हलवली. दीक्षानं न्हाई हलवली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

एक थेंब वाया घालवला न्हाई आन् पोरीचं जाणं वाया घालवतीय की काय मी. भाकरी गोड लागली न्हाई.

रविवार, १५ फेब्रुवारी

दीक्षा आली. थंडाच्या दोन रिकाम्या बाटल्या मागितल्या. हरणाबाईकडंबी गोबरगॅस हाय, तिच्या चांगल्या टाकीतला शेणकाला आणून दोन्हीत सारखा भरला. एकीत साधं पाणी घातलं, एकीत पिवळं — माझ्या टाकीत गेलं त्याच हिशेबानं. तोंडाला फुगे बांधले, साध्या पाण्याच्या बाटलीला लाल, पिवळ्याच्या बाटलीला हिरवा. चुलीच्या उबेला ठेवल्या. शालू म्हणली, "एम.एस्सी. करून पोरगी फुगेवाली झाली."

मी म्हणलं, "थंडी असंल तर दोन्ही फुगायचे न्हाईत. व्हय न्हवं?"

"व्हय. आन् चुलीपाशी थंडी कुठली!"

मनात म्हणलं, दोन्ही फुगू देत. दोन्ही फुगले की मी सुटले आन् तीबी सुटली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

लाल फुगा बसता झालाय. हिरवा पडून.

रविवार, १ मार्च

लाल उभा राहिला, तट्ट! हिरवा वाळल्या मिरचीवानी लोंबतोय.

दीक्षानं चुलीपाशी बसून दोन्ही फुगे चाचपून बघितले. मला वाटलं रडती का काय. तर म्हणली, "आजी, कचरा उरायचा न्हाई म्हणत होते मी. आन् तीन डबे तुझ्या दारात ठेवून गेले."

दोन्ही बाटल्या मांडीवर घिऊन सांगलीला गेली. कंडक्टरनं विचारलं म्हणं, "ह्यांचं हाफ काढू का फुल?"

मंगळवार, १७ मार्च

बापलेक बेंगलोरहून मुलाखत देऊन आले. सरांनी नाव धाडलं होतं — माठ, पोरं, जुलाब, आन् गॅस थंडीनं गेला, असंच लिहून. धोंडिराम सांगत होता: "मी भाईर बाकड्यावर. ही आत गेली ती येईचना. चार माणसं होती पुढं. आली ती म्हणली, आबा, मी शेणाचंच सांगितलं."

मी म्हणलं, "समदं?"

"समदं. फुग्यासकट."

सरांना कळलं. येताना ती सांगलीला कॉलेजात गेली तर सगळ्यांपुढं म्हणाले, "सोन्यासारखी संधी शेणात घातलीस."

धोंडिराम रागावला न्हाई. तेच लय वाईट वाटलं. नुसतं म्हणला, "कोयनेला कळवतो." आन् पायातल्या चपला न काढताच आडवा झाला.

दीक्षा माझ्या शेजारी झोपली. मी म्हणलं, "गप बसली असतीस तर?" म्हणली, "तू गप बसलीस का आजी, सरांपुढं?" मी काय शूर म्हणून सांगितलं न्हवतं! मला ठाऊकच न्हवतं. पर हे तिला बोलले न्हाई. नात आपल्याला शूर समजती तर समजू दे.

रविवार, २२ मार्च

टाकी उपसली. सगळा राडा. दीक्षा म्हणली वावरात घालू नका, तर बांधाच्या कडेला खड्डा काढून त्यात. कंबर मोडली.

आता नवी टाकी चालू करायला चांगल्या टाकीतलं विरजण लागतं, दह्यासारखंच. हरणाबाईकडं गेले. तिनं सहा बादल्या दिल्या, वर स्वतः डोक्यावरनं आणून वतल्या! पाण्याला चाळीस वरसं लागली. शेणाला बाईनं एक शब्द काढला न्हाई.

रविवार, ५ एप्रिल

कोयनेची माणसं भीमजयंतीनंतर येणार. दीक्षानं साडी धुऊन ठेवलीया. ड्रम वीतभर वर आलाय.

मंगळवार, १४ एप्रिल

आज जयंती, आन् आजच गॅस पेटला! निळी ज्योत. शालूनं पयला चहा मला दिला आन् चूल उचलून परत अडगळीत टाकली. जाताना तिला लाथ मारली, मी बघितलं.

बुधवार, १५ एप्रिल

हरणाबाई पदर सांभाळत पळत आली, तिच्या घरी दीक्षाचा फोन. पोरगी नुसती किंचाळत होती. बेंगलोरला घेतलं! धोंडिराम दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, डोळे पुसतोय का ग्रीस, कळंना. कोयनेला न्हाई म्हणून कळवलं.

मी म्हणलं, विषय कुठला दिला?

"तुझी टाकी, आजी! चांदी वापरून झाली की पुढं कुठं जाती आन् कुणाकुणाला मारती." सर आता भेटंल त्याला सांगत्यात म्हणं, गावात जाऊन टाकी बघायची कल्पना त्यांचीच.

मग जरा दम खाऊन म्हणली, "पर आजी, एक काम हाय. टाकीत परत पिवळं पाणी घालायचं. यावेळी मोजून, रोज एक तांब्या. राडा खड्ड्यातच. आन् गॅस कवा मरतो ते तू लिहून ठेवायचं. तुला सवय हाय की लिहायची."

घरी आले. ज्योत निळीच हाय अजून. शालू तिच्यावर दूध तापवत गुणगुणत होती.

मी म्हणलं, "शालू, चूल काढून सारवून ठेव गं."