लेकीचं टाइमटेबल, माझ्या देखरेखीखाली

३ जून
आजपासून लेकीच्या करिअरची सूत्रं मी हातात घेतली. तिला प्रवेश मिळालेल्या कॉलेजात विषय म्हणे ज्याचे त्याने निवडायचे. अठरा वर्षांच्या पोरांवर असलं काम सोपवणाऱ्यांनी जन्मात ऑफिस चालवलेलं नसणार. मी वीज कंपनीत मीटर विभाग चालवतो. (साहेब रजेवर असतात तेव्हा.)
ध्येय ठरलं : पेटंट वकील. परवा साडूने फोन करून मुद्दाम ऐकवलं की त्याचा मुलगा वकील होतोय. नुसता वकील. आमची पेटंटची होईल. पेटंट वकील नेमकं काय करतो ते एकदा बघून ठेवायला हवं.

४ जून
चार वर्षांचा तक्ता तयार. लॅमिनेट करून फ्रिजच्या दारावर लावला. सायन्स हिरवं, कायदा लाल. मोकळा वेळ ठेवलेला नाही. मुलं मोकळ्या वेळातच बिघडतात.
लेक पाणी प्यायला आली. तक्ता बघितला, बाटली घेतली, गेली. विरोध नाही.
ही म्हणाली, तिला एकदा विचारा तरी. मला माझ्या वडिलांनी कुठे विचारलं होतं? काय बिघडलं माझं? यावर ही कुकर लावायला गेली. म्हणजे पटलं.

९ जून
सल्लागार बाईंना भेटलो. विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करायची, याचा पगार घेतात. टेबलावर निवडुंग. बाईही त्याच जातीच्या. म्हणे, तिसऱ्या वर्षाचा कायद्याचा विषय पहिल्या वर्षी घेता येत नाही, आधी पायाचे विषय करावे लागतात. म्हटलं, माझी मुलगी हुशार आहे. म्हणाल्या, मग तिलाच पाठवा ना.
सरळ सरळ अपमान. वर तक्रार करणार. निघताना दार आपटणार होतो, पण ते आपोआप हळूच बंद होणारं निघालं.

१२ जून
लेकीला घेऊन गेलो. बाई तिला प्रश्न विचारत होत्या, उत्तरं मी देत होतो. तेवढाच वेळ वाचला. मध्येच लेक म्हणाली, मला मातीचं शिकायचंय.
माती! बाईंचा चेहरा असा खुलला, जणू त्यांचीच पोर. मृदाशास्त्र नावाचा विषय आहे म्हणे. लोक मातीत चार वर्षं घालवतात आणि वर पदवी घेतात. लहानपणी लेक गच्चीतल्या कुंड्या उपसून मातीचे ढीग लावायची. तेव्हाच ओरडायला हवं होतं. (ओरडलो होतो.)
मी बाईंना स्पष्ट सांगितलं, माती पायपुसण्यावर झटकायची असते.
परतताना लेक बसमध्ये वेगळ्या सीटवर बसली. बस रिकामी होती. दमली असावी.

१५ जून
साडूचा फोन. पेटंटचं सांगितलं. म्हणाला, अरे वा, म्हणजे नेमकं काय करतात ते? माणूस मुळातच खवचट. रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

१८ जून
जेवताना लेकीला मंगळवारची अडचण समजावून सांगितली. केमिस्ट्री आणि कायदा एकाच वेळी ठेवलेत. कॉलेजचा मूर्खपणा. ती दोनदा म्हणाली, बाबा, ऐका ना. म्हटलं, आधी माझं होऊ दे. माझं झालं तोवर तिचं ताट धुऊन पालथं पडलं होतं.
हल्लीच्या मुलांना धीर नाही.

२२ जून, सकाळ
रजिस्ट्रेशनचा शेवटचा दिवस. रजा टाकली. मायलेकी खरेदीला गेल्या. बरं झालं, मध्ये लुडबूड नको. लेकीचा पासवर्ड चालेना. वेबसाइट बनवणाऱ्याला फटकावला पाहिजे. हेल्पलाइनवरच्याला झाप झाप झापला. शेवटी म्हणाला, नवीन खातं उघडा साहेब. झापल्याशिवाय कामं होत नाहीत.

२२ जून, दुपार
झापत होतो तेवढ्यात केमिस्ट्री भरलं. कायदाही भरला. जे उघडं दिसलं ते पटापट घेतलं : कीटकशास्त्र, समूहगान, प्राथमिक पोहणे.
शांतपणे विचार केला तर तिन्ही उपयोगी आहेत. कीटकनाशकांची पेटंटं असतातच. कोर्टात आवाज लागतो. पोहण्याचं बघू.

२२ जून, संध्याकाळ
लेकीला यादी वाचून दाखवली. आधी हसली. मग हसता हसता रडायला लागली. म्हणाली, बाबा, माझं रजिस्ट्रेशन कधीच झालंय. सल्लागार बाईंनी मदत केली. मृदाशास्त्र. हॉस्टेलही मिळालंय. त्या दिवशी जेवताना मी तेच सांगत होते.
हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, पालकाची सही मी केली.
हे घर आहे की कटाचा अड्डा? असं मोठ्यांदा विचारलं. तक्ता ओढून फाडायला गेलो. लॅमिनेट चांगलं केलंय दुकानदाराने.
मग सकाळचं ते खातं कुणाचं? स्क्रीनवर नाव बघितलं. माझंच.

२८ जून
लेक हॉस्टेलला गेली. टॅक्सी खाली उभी. मी उतरलो नाही. गरज तिला आहे, तिने वर यावं. आली. म्हणाली, बाबा, येते मी. मी म्हटलं, जाताना तुझ्या खोलीतला पंखा बंद कर.
तिने केला.

१ जुलै
माझा तो प्रवेश रद्द करायला गेलो. नेमकं सल्लागार बाईंसमोरच बसवलं. काय काय ऐकवायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. त्यांनी ओळख दाखवली नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, रद्द करण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारावं लागतं, नियम आहे. पुढे काय करायचं ठरवलंय?
म्हटलं, बाई, मी चोपन्न वर्षांचा आहे.
म्हणाल्या, हो. पण पुढे?
पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. बाई थांबल्या. घड्याळ बघितलं नाही, घाई केली नाही. त्यांचं हे वागणं मला अजिबात आवडलेलं नाही.
शेवटी म्हटलं, घरी विचारून सांगतो.