पाठीवर चार डोळे

११ जानेवारी

नवा फोन घेऊन आठ दिवस झाले. आठच! आणि डोक्याला ताप सुरू.

अंगठा ओळखत नाही. सहा वेळा टेकवला, सहाही वेळा फोन थरथरला. जणू मीच चोर! चाळीस वर्षं सुया टोचून घेतलेला अंगठा आहे हा, त्यावर रेघा कुठून राहणार? तणतणत फोनवाल्याकडे गेले. तो हसरा. काही सांगा, हसतो. "काकू, मधल्या किमतीत याच्यापेक्षा चांगला फोन नाही. सहा महिने वापरा, मग येऊन बोला."

ठीक आहे. सहा महिने तर सहा महिने. जुन्या ऑर्डरवहीची मागची पानं कोरी पडली होती, त्यावर याची एकेक खोट लिहून ठेवते. मुदत संपली की वही आणि फोन दोन्ही त्याच्या काउंटरवर आपटणार!

१४ जानेवारी

कुलूप उघडायच्या आधीच जाहिरात. रोज सकाळी एक बाई मला केसांचं तेल विकते. माझ्याच फोनवर!

२ फेब्रुवारी

आज कळलं याचं खरं रूप.

हा फोन घ्यायला लावला लाँड्रीवाल्यानं. दुकानाचं निम्मं काम त्याच्याकडून येतं, म्हणून ऐकावं लागतं. पूर्वी तो सरळ कपडे पाठवायचा. आता म्हणे आधी फोटो पाठवणार. मी फोटो बघून रंग ठरवायचा, डब्यात तसा धागा नसेल तर धागेवाल्याकडून रीळ मागवून ठेवायचं, कपडा आला की त्याच दिवशी रफू. "वेळ वाचेल काकू. माझाही हाच फोन आहे, एकदम मस्त!"

मस्त? परवा कोटाचा फोटो आला. बाहीला कसरीचं भोक. काळा कोट. काळं रेशमी रीळ मागवलं. आज कोट आला आणि वन्सं म्हणतात, "अगं, हा तर गडद निळा आहे."

दारात उजेडात नेऊन बघितला. आहे म्हणा थोडा निळसर. पण फोटोत ठार काळा होता! पाठीवर चार भिंगं आहेत या फोनला. चार डोळे, आणि एकालाही निळा दिसत नाही!

धागेवाला म्हणतो, फोटोच पुढे पाठवत जा, मी रंग बघून देतो. तू कोण रंग बघणारा? तू धागे विक.

१७ फेब्रुवारी

परत तेच. चॉकलेटी म्हणून रीळ मागवलं, शाल निघाली जांभळी म्हणे. लाँड्रीवाल्यासमोर शोभा झाली.

३ मार्च

जागा भरली म्हणे. कसली जागा? मी काय ठेवलंय त्यात? लोकांनी पाठवलेली फुलं आणि सुविचार! बसून सगळे पुसले. तासभर गेला.

एक मात्र लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही. बॅटरी दीड दिवस जाते. आणि परवा पायरीवरून पडला, तरी फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं.

१९ मार्च

वन्संवर आज भडकले. कारण साधंच होतं. सुई ओवायला वेळ लावला.

हल्ली सुया भिकार येतात, नेढं धड दिसत नाही. म्हणून वर्षभर ओवण्याचं काम वन्संकडे दिलंय. मी रंग सांगते, त्या डब्यातून धागा काढून ओवून देतात, मी रफू करते. माझ्या बोटांना वीण कळते. डोळे मिटून करीन! रफू झालं की चिठ्ठी. ही मामंजींची पद्धत. कपड्याची चिठ्ठी करायची, त्यावर मी रंग लिहिते. वापरलेल्या धाग्याचा वीतभर तुकडा वन्सं चिठ्ठीला बांधतात आणि चिठ्ठी तारेला लावतात. तोच कपडा पुन्हा आला तर शोधाशोध नको. एवढंच काम असतं त्यांना, तरी आज डब्यात दहा मिनिटं उचकाउचक चालली होती.

"काळाच द्यायचा आहे ना, त्यात बघायचंय काय एवढं?" म्हटलं.

"देते गं," म्हणाल्या. माझ्या दुप्पट वर्षं माहेरच्या या दुकानात काढल्यासारख्या बोलतात. बापाचं दुकान होतं खरं, पण बापानं सुई दिली सुनेच्या हातात. हे त्यांना अजून डाचतं, मला ठाऊक आहे. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेला, त्यांचे यजमान त्याच्या आधीच गेले, आता दोघीच उरलोय एकमेकींच्या नाकाला मिरच्या झोंबवायला.

२८ मार्च

मुद्दा नीट मांडून ठेवते, हसऱ्यासमोर घोळ नको.

एक. फोटोवरून रंग ठरवला की दर तिसऱ्या वेळी चूक.
दोन. कपडा माझ्या हातात असला की चूक नाही. एकदाही नाही! दुकानात येणारं गिऱ्हाईक कपडा टाकतं, मी बघते, रंग सांगते, रफू होतं. न्यायला येतात तेव्हा भोक कुठे होतं तेच शोधत बसतात. काल एक वकील उलटसुलट करून बघत होता.

म्हणजे माझी नजर चोख आहे आणि खोट फोनमध्ये आहे. सांग आता, मधल्या किमतीतल्या!

६ एप्रिल

धाग्याच्या डब्यात कागद! वन्संनी एकेका रिळावर पट्टी चिकटवून रंगाचं नाव लिहिलंय. हे मोठ्ठालं अक्षर! निळा. गडद निळा. काळा. लहान मुलांच्या शाळेसारखं. "तुला सोपं जाईल," म्हणतात.

मला सोपं? मी नवशिकी आहे का? सगळ्या पट्ट्या त्यांच्यासमोर ओरबाडून काढल्या. नखात डिंक गेला.

त्या मग हळूच म्हणाल्या, "एकदा डोळे दाखवून येऊ या का आपण?"

"तुमचे दाखवा आधी!" ओरडलेच मी. रस्त्यावरच्या लोकांनी आत डोकावून बघितलं.

७ एप्रिल

झोप लागली नाही नीट. बोलायला नको होतं तसं. पण त्यांनी तरी का काढावा तो विषय? मामंजींचे डोळे गेले तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली, भिंतीकडे तोंड करून बसले, आणि चार महिन्यांत संपले. शेवटी शेवटी पाणी हवंय का विचारलं तरी उत्तर द्यायचे नाहीत. वन्संनीच केलं त्यांचं सगळं. हे बघितलेल्या बाईनं मला असलं विचारावं?

माझ्या हातातली सुई मी ठेवणार नाही. ठेवली तर आम्ही दोघी करायचं काय?

२० एप्रिल

वन्सं बोलत नाहीत. दोन आठवडे झाले. सुई मात्र ओवून पुढ्यात ठेवतात. मीही बोलत नाही. मी का बोलू!

९ मे

स्क्रीन धुरकट झालाय. पुसला, पुन्हा पुसला. हसऱ्यानं वरची काच बदलून दिली. तरी धुरकटच. उजेड पूर्ण वाढवला तर डोळ्यांवर येतो, कमी केला तर दिसत नाही. चार महिन्यांत ही दशा!

१० मे

वन्सं बोलल्या. "चहा टाकते, घेणार का?" एवढंच. घेतला.

१२ जून

लाँड्रीवाला स्वतः आला. बसला नाही.

"काकू, काम तुमचं एक नंबर, पण दर वेळी रीळ चुकतं, मग परत करा, दुसरं आणा, यात दिवस जातो. गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडतं. आता अजून एकदा झालं ना, तर मला दुसरा रफूवाला बघावा लागेल."

मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "हा बघ, हा! याचा दोष आहे!"

"माझाही तोच आहे काकू," म्हणाला. "मला नीट दिसतं."

निम्मं काम गेलं तर दुकानाचं शटर ओढायचं, आणि सासऱ्यांचं पन्नास वर्षांचं नाव एका चपट्या डबड्यापायी घालवायचं! तो गेल्यावर वन्संना म्हटलं, "तुम्ही गप्प का होतात? सांगायचं ना त्याला की हातात कपडा असला की माझं कधी चुकत नाही!"

वन्सं म्हणाल्या, "नाही चुकत."

३ जुलै

सहा महिने पुरे! वही घेतली, फोन घेतला, गेले.

हसऱ्याला सगळं वाचून दाखवलं. पहिल्या पानापासून. तो हसत होता. मग म्हटलं, हे बघ, आजच आलाय पँटचा फोटो. रंग सांग. तो बघायला लागला. मी म्हटलं, असं नाही, तुझ्या दुकानातला सगळ्यात भारी फोन काढ, त्यावर घे. त्यानं घेतला. शोकेसमधला, आरशासारखा लखलखीत.

"हाही काळा दाखवतो!" मी म्हटलं. "तुझे सगळेच फोन चोर!"

हसऱ्याचं हसणं थांबलं.

"काकू, निळी आहे ही पँट. दोन्ही फोनवर."

बाजूला एक बाई चार्जर घ्यायला थांबली होती. तिनं मान पुढे घातली. "निळीच आहे हो. शाईसारखी."

फोन हिसकावला आणि निघाले. वही तिथेच राहिली, तर तो मागे धावत आला द्यायला. सहा महिने त्याच्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण आज हसला नाही त्याचाच राग जास्त आला.

५ जुलै

वन्संना न सांगता गेले. डोळ्यांची डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची असेल, असती तर. मोतीबिंदू. दोन्हीकडे. चांगला पिकलाय म्हणे.

"काम काय करता?"

"रफू."

लिहिता लिहिता थांबली ती. "रंग जुळवायचं काम? निदान वर्षभर तरी निळा आणि काळा तुम्हाला वेगळा दिसत नसणार."

मी भांडले. हातातल्या कपड्यात एकदाही चूक नाही म्हटलं, विचारा कुणालाही! ती म्हणाली, "आजी, चूक झाल्याशिवाय राहणारच नाही."

आजी म्हणाली! पण ऑपरेशन केलं की पूर्वीसारखं दिसेल म्हणाली. मामंजींच्या वेळी कुणी घेऊनच गेलं नव्हतं त्यांना. तेही असेच ओरडले, आणि आम्ही सगळे गप्प बसलो.

घरी येऊन वन्संना सांगितलं. त्या पदरानं चष्मा पुसत बसल्या, कितीतरी वेळ.

१४ जुलै

उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी आहे. ओळी वाकड्या जातायत. वन्सं तासातासाला थेंब घालतात आणि मी हलले की रागावतात. चांगलं सापडलंय त्यांना!

१७ जुलै

भिंत पांढरी आहे! मला वाटत होतं, रंगवणाऱ्यानंच सायीसारखा पिवळट रंग दिलाय. त्याच्याशीही भांडले होते.

एक डोळा झाकते, मग दुसरा. डावीकडे सगळं जुन्या चहाच्या गाळणीतून बघितल्यासारखं. उजवीकडे निळा! निळा म्हणजे काय असतं ते विसरले होते मी.

फोन काढला. फेब्रुवारीतल्या कोटाचा फोटो अजून आहे त्यात. निळा. स्वच्छ निळा. मूर्खालाही कळेल इतका निळा. पहिल्या दिवसापासून हा खरं सांगत होता आणि मी शिव्या घालत होते.

वही काढली आणि एकेक खोट खोडली. रंग — खोडला. धुरकट — खोडला. उजेड — खोडला. अंगठ्याचं आणि तेलवाल्या बाईचं ठेवलं, ते खरंच आहे. म्हणजे फोन बरा आहे. मधल्या किमतीत चांगलाच आहे. हसऱ्याला मात्र मी हे सांगायला जाणार नाही.

एक कळत नाही. दिसतच नव्हतं, तर हातातल्या कपड्यांचे रंग बरोबर कसे आले?

१९ जुलै

दुकानात गेले. तारेवरच्या चिठ्ठ्या उतरवल्या. माझ्या अक्षरात 'काळा', बांधलेला धागा गडद निळा. 'काळा', धागा निळा. 'चॉकलेटी', धागा जांभळा. 'पांढरा', धागा फिकट पिवळा. जानेवारीपासून. त्याच्याही आधीपासून. सगळ्या गाठी वन्संच्या हातच्या.

वन्सं समोरच बसल्या होत्या. वर बघितलं नाही त्यांनी.

सुई उचलली. नेढं लख्ख दिसत होतं. तशीच वन्संपुढे धरली.

"कुठला ओवू?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "तुम्ही द्याल तो."