किल्ली विनयच्या फोनमध्ये

सोमवार, १७ नोव्हेंबर. सहावा दिवस.

नागपूरहून काशीची गाडी दोन तास लेट. ई-रिक्षाने मैदागिनला सोडलं, पुढे गल्लीतून चालत. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बाबा. कलशाची पिशवी कुठेही खाली टेकवली नाही. गाडीतही मांडीवर. आईने निघताना तीनदा बजावलं होतं. तिचे गुडघे असे, नाहीतर तीही आली असती.

हॉटेलात काउंटरच नाही. एक सोफा, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर तो चौकोनी कोड. बुकिंग विनयने कॅनडातून केलेलं. माझं आधार कार्ड आणि फोटो त्याने मी गाडीत असतानाच मागून घेतला. "ताई, तुला कुणाशी बोलावंच लागणार नाही." किल्ली म्हणजे फोनवर आलेलं एक निळं वर्तुळ. दाराशी धरलं की हिरवा दिवा. खोली २०४.

खरं तर बरं वाटलं. लॉजवर माणूस विचारतो, कितने लोग, कहाँ से, किस काम से. इथे कुणी काही विचारलं नाही. पिशवीकडे कुणी पाहिलं नाही.

कलश खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. क्रिया करणाऱ्या इथल्या गुरुजींकडे ठेवावा असं मनात होतं. वि. म्हणाला, खोलीतच ठेव, फोनचं कुलूप आहे, याहून सुरक्षित काय.

आत पाऊल टाकते तोच त्याचा मेसेज. "पोचलीस ना?" मी अजून कळवलं नव्हतं.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी दुर्गाघाटला गेले. गुरुजी साठीचे असतील, चार पिढ्या काशीत. मराठी आपलीच, पण मध्येच हिंदी. "माई, तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळी व्यवस्था होऊन जाईल."

शुक्रवारी दहावा. सकाळी सात वाजता दहाव्याची क्रिया, मग नावेतून भोसले घाटासमोर अस्थी सोडायच्या. अग्नी मी दिला हे त्यांना सांगितलं. वाटलं होतं, काही बोलतील. म्हणाले, "अग्नी ज्याचा, क्रिया त्याची. मुलगी असली म्हणून काय झालं? दहा दिवसांच्या आत काशीला आणलंत, हे किती जणांना जमतं."

विनय शनिवारी सकाळी पोचतो. अकराव्या दिवशी. पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, तो कालच हातात पडला. अंत्ययात्रा त्याने फोनवर पाहिली. चुलतभावाने फोन धरला होता.

परत आले तर वि.चा फोन. "सव्वासहाला कुठे गेली होतीस?"
"फिरायला."
"तीन तास?"

मग कळलं. दार उघडलं की त्याच्या फोनवर टिंग वाजतं. बाहेर पडतानाही, आत येतानाही. मुख्य पाहुणा तो. मी सोबतची.

त्याच्याशी खोटं बोलले. लहानपणापासून पहिल्यांदा नसेल, पण बाबांवरून पहिल्यांदा.


बुधवार, १९ नोव्हेंबर

दुपारी जिन्यात गर्दी. इंदूरचे एक गृहस्थ, पंचा नेसून, उघडे, दारासमोर उभे. नुकतेच गंगेत डुबकी मारून आलेले. माझी मराठी ऐकल्यावर सुरूच झाले. "अहो ताई, गंगेत फोन घेऊन कसं उतरणार? म्हणून फोन आत ठेवला. फोन आत, आम्ही बाहेर. मिसेस विश्वनाथाच्या रांगेत. दर्शन त्यांना विश्वनाथाचं, आणि सगळ्या हॉटेलला आमचं."

दिल्लीच्या दोन मुली हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "हमें तो बढ़िया लगा अंकल. काउंटर पर कोई घूरता तो नहीं, कि दो लड़कियाँ अकेली क्यों आई हैं."

"ते खरंय. पण बेटा, पूर्वी किल्लीला पावशेरचा पितळी बिल्ला असायचा. खिशात टाकला की पायजमा सुटायचा. पण सुटला तरी किल्ली हातात असायची."

मला दोघांचंही पटलं. मॅनेजर पांडेजी आले, कार्डाने दार उघडून दिलं, गृहस्थांनी पंच्यातच हात जोडले.

खोली झाडायला फूलमती येते. माझ्याच वयाची, पन्नास-पंचावन्नची. आज खिडकीपाशी थबकली. कट्टा पुसला नाही. "बाबूजी हैं का?" मी मान हलवली. तिने पदर डोक्यावर घेतला, तेवढा भाग सोडून बाकी खोली झाडली. उद्या हिला काहीतरी द्यायला हवं.

संध्याकाळी आई फोनवर वि.ला सांगून बसली की सुमन शुक्रवारीच सगळं उरकणार आहे. आईचा दोष नाही, तिला वाटलं त्याला माहीत आहे.

वि.चा फोन.
"शनिवारी मी येतोय. एकच दिवस थांबायचं."
"शुक्रवारी दहावा आहे."
"गुरुजी दहाव्यानंतर करत नाहीत का? मी विचारलंय इथे. करतात. काहीतरी प्रायश्चित्त असतं."
"बाबांनी सांगितलं होतं, विनयची वाट बघत बसू नका."
"कधी? माझ्यासमोर कधी म्हणाले नाहीत."
"दवाखान्यात."
"तुझ्याशिवाय कुणी ऐकलं?"

कुणी नाही. फोन ठेवला. त्याने की मी, आठवत नाही.


गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी ९.२०. गुरुजींकडे सामानाची यादी द्यायला गेले होते. परत आले. दाराशी फोन धरला. लाल दिवा. परत धरला, लाल. फोन बंद करून सुरू केला. निळं वर्तुळच नाही. त्याच्या जागी लिहिलेलं: तुम्हाला दिलेली किल्ली मागे घेण्यात आली आहे.

आत बाबा. माझ्या बीपीच्या गोळ्या. कपडे.

दहा वाजता. पांडेजींनी त्याला फोन लावला, स्पीकरवर. तिकडे मध्यरात्र, तरी पहिल्याच रिंगला उचलला. "दीदी को दूसरा रूम दे दीजिए. जो चाहिए दीजिए. २०४ मैं शनिवार को आकर खोलूँगा." शांत आवाज. मी तिथेच उभी. तिथे आणखी चारजण होते, म्हणून मी बोलले नाही. असं स्वतःला सांगितलं. चारजण नसते तरी बोलले असते का माहीत नाही.

पांडेजी: "दीदी, सिस्टम में बुकिंग उनके नाम है. मेरे हाथ में होता तो..." चहा मागवला. गोळ्यांसाठी माणूस पाठवला. वाईट माणूस नाही.

२०७ मध्ये आहे. तशीच खोली, तसाच पलंग. खिडकीचा कट्टाही तसाच, रिकामा. मधे फक्त दोन खोल्या.

एक वाजता फूलमती आली. दार लोटून घेतलं. कमरेला खोचलेलं कार्ड काढून दाखवलं. "दीदी, कहिए तो खोल दें. दू मिनट का काम है. बाबूजी को ले के आप निकल जाइए."
"आणि तुम्ही?" हिंदीत विचारायचं सुचलं नाही. तिला कळलं.
"हम कह देंगे, सफाई के लिए खोले थे."
"कॅमेरा है."
"है तो."

तिला दोन नातवंडं, नवरा अंथरुणावर. काल तिनेच सांगितलेलं. नको म्हणाले. तिने अजून एकदा विचारलं असतं तर हो म्हणाले असते. तिने विचारलं नाही, गेली.

तासभर बसून राहिले. उद्या सात वाजता गुरुजी घाटावर येणार. दर्भ, तीळ, पिंडांचं पीठ, सगळं त्यांच्याकडे. आणि ज्यांच्यासाठी ते सगळं, ते कुलपात.

चार वाजता खाली गेले. सोफ्यावर इंदूरचे गृहस्थ, त्यांची मिसेस, आणखी लोक. पांडेजींना सांगितलं, २०४ मध्ये माझ्या वडिलांच्या अस्थी आहेत.

आवाज बारीक निघाला. पुन्हा सांगावं लागलं.

पांडेजी खुर्चीतून उठले. "अस्थि? बाप को ताले में..." मग मालकांना फोन. मालक फोनवर काय म्हणाले ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत गेलं. अस्थी खोलीत नेणं नियमात नाही. चेक-इनच्या वेळी फोनवर लिहून येतं, मान्य केलं की खूण करायची. खूण वि.ने केलेली, न वाचता. मालकांचं म्हणणं, खोली आत्ता उघडा, सामान बाहेर ठेवा, पाहुण्यांना दुसरीकडे पाठवा.

सामान. बॅग आणि बाबा.

इंदूरच्या मिसेस उठून आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांचे गृहस्थ मात्र म्हणाले, "नियम म्हणजे नियम हो. आमची सून आठव्या महिन्यात आहे, आम्ही शेजारच्याच खोलीत झोपतोय, आम्हाला कुणी सांगायला नको?" मिसेस म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा, पंचा विसरलात वाटतं." कुणी हसलं नाही. त्या गृहस्थांचंही चूक नाही. सांगायला हवं होतं. दारात कुणी विचारणारं असतं तर सांगितलं असतं, आणि मग इथे आलेच नसते.

पांडेजींनी वि.ला लावला. ह्या वेळी आवाज बदललेला. "सर, या तो आप अभी खोलिए, या हमको मास्टर से खोलकर सब बाहर रखना पड़ेगा. मैं बनारस का आदमी हूँ सर, ये मुझसे मत करवाइए."

मग माझ्या हातात फोन थरथरला. निळं वर्तुळ.

पांडेजी हळूच म्हणाले, उद्या सकाळपर्यंत ते मालकांना सांभाळतील.

५.१५. कलश जसा होता तसा. फडक्याची गाठही माझीच.

वि.चा फोन. विमानतळावर निघालेला, मागे गाड्यांचे आवाज.
"तू मला सांगितलं नसतंस."
"हो. नसतं सांगितलं."
"मग मी काय करणार होतो ताई?"
"दार बंद करणं सोडून काहीही."
मग म्हणाला, "खांदा तू दिलास. अग्नी तू दिलास. माझ्यासाठी काय ठेवलंस?"
मी फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली.
"मी आता किल्लीला हात लावणार नाही. पण तू थांब. सांगत नाहीये, मागतोय."

बाबांचं ते वाक्य. त्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनचं विचारत होते. करायचं की नाही, लगेच सांगा म्हणत होते. मी म्हणाले, विनयला विचारते. तेव्हा बाबा म्हणाले, विनयची वाट बघत बसू नका. ऑपरेशनबद्दल म्हणाले की सगळ्याबद्दल, मी विचारलं नाही. माझ्या सोयीने मी ते सगळ्याबद्दल घेतलं. आठ दिवस तसंच सांगतेय. आज वि.ला हे सांगायला हवं होतं.

पण सहा वर्षं मी केलं, हेही खरं. डायपर, इंजेक्शनं, रात्रीचं पाणी. तो दर रविवारी फोन करायचा. दर रविवारी, न चुकता. तेही खरं.

गुरुजींना विचारलं, एक दिवस थांबलं तर? म्हणाले, "माई, क्रिया उद्याच. अस्थींचं शास्त्र सांगू? दहाव्याच्या आत सर्वोत्तम. पुढे विधान आहे, होऊन जाईल. पण हे शास्त्राचं नाही, तुमच्या घरचं आहे. ते मी नाही सांगू शकत."


शुक्रवार, २१ नोव्हेंबर. दहावा.

पहाटे पाचला आंघोळ. पांढरी साडी. बॅग भरली, पांडेजींनी सकाळपर्यंत म्हटलंय. फूलमतीसाठी चिठ्ठी लिहायला घेतली, हिंदीत जमेना, मराठीत तिला वाचता येणार नाही. फाडली. भेटून सांगेन.

वि.चा मेसेज, मधल्या विमानतळावरून. "ताई, रात्री दिल्ली, सकाळी काशी. तू जे करशील ते कर. मी विचारणार नाही." हे वाचून राग आला. काल दार बंद केलं तेव्हा एवढा आला नव्हता.

त्याला उत्तर लिहिलं, बाबा ते ऑपरेशनच्या वेळी म्हणाले होते. पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. विमानात बसला असेल, किंवा नसेल.

क्रिया सातला. ती करणारच, ती माझी आहे. नाव आठला सुटणार. कलश बरोबर घेते. इथे ठेवता येणार नाही आणि गुरुजींकडे कोनाडा आहे, उद्यापर्यंत राहू शकतो. नावेतही नेता येतो. दोन्हीसाठी पिशवी एकच.

फोन न्यायचा नाही असं ठरवलंय. ओल्या साडीत कुठे सांभाळत बसू. परत आल्यावर पांडेजी उघडतील, नाहीतर जिन्यात बसेन. ही वही तेवढी बरोबर घेते.

५.४० झाले. आता मी बाहेर पडले की वि.च्या फोनवर टिंग वाजेल. दार उघडलं एवढं त्याला कळेल. नाव सुटताना हातात काय असेल, ते अजून मलाही माहीत नाही.