आमच्या कपाच्या मापाची ट्रॉली

मी, श्रीमती मालनबाई आदिनाथ राऊत, वय ७२ वर्षे, व्यवसाय घरकाम, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. शिक्षण सातवी. डोकं ठिकाणावर आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्याचा या कागदाशी संबंध नाही. 'कोणाच्याही दडपणाशिवाय' हे शब्द आलेच पाहिजेत असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून लिहिते. दडपणाशिवाय केलेलं याआधीचं काम कोणतं, ते आठवून पाहिलं, आठवलं नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, पडवी आणि मागची कामाची शेड माझ्या नावावर आहे. ते सर्व माझा मुलगा कल्याण आणि मुलगी रुपाली यांना निम्मं-निम्मं. कल्याण म्हणेल, रुपालीला लग्नात दिलं तेवढं पुरे. लग्नात तिला काय दिलं ते कलम ४ मध्ये लिहिलं आहे. ते वाचून मग त्याने तोंड उघडावं.

कलम २. बोरमाळ सूनबाईला. गेली पंचवीस वर्षं ती माझ्या गळ्याकडे बघते आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्या दुखण्यात तिने हातचं काही राखलं नाही. हे तिला तोंडाने सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

कलम ३. हत्यारं. माझे यजमान सुतारकाम करत. त्यांचे रंधे, पटाश्या, करवती, गिरमिट सगळं मेहताब शेख याला. एकोणीस वर्षं तो यजमानांच्या हाताखाली होता. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणे. म्हणून त्याला चहा देऊन बाहेर बसवला आहे. तो रुसला आहे.

कलम ४. चहाची ट्रॉली. वर्णन नीट लिहा म्हणजे पुढे वाद होत नाहीत, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. वाद व्हावा म्हणूनच मी सविस्तर लिहिते.

१९७८ साली यजमान भिंगारमधल्या एका निवृत्त लष्करी साहेबांच्या बंगल्यात खिडक्या दुरुस्त करत होते. तिथे एका विलायती मासिकात त्यांना ट्रॉलीचं चित्र दिसलं. फिनलंड नावाच्या थंड देशातली, लाकूड वाकवून केलेली. एका बाजूला दोन मोठी चाकं, दुसऱ्या बाजूला नुसते पाय. दांडी धरून पाय उचलायचे आणि ढकलायची. कुठे नक्षी नाही, कोरीवकाम नाही. साहेबांनी ते पान त्यांना फाडून दिलं. आठ-दहा दिवस ते पान जेवताना ताटाशेजारी असायचं. मला म्हणाले, "याच्यात काढून टाकन्यासारखं काहीच न्हाई." माझ्याबद्दल ते असं कधी बोलले नाहीत.

सागाच्या पातळ पट्ट्या त्यांनी गुऱ्हाळातल्या जुन्या काहिलीच्या वाफेवर वाकवल्या आणि सरसाने एकावर एक चिकटवल्या. सासरे बैलगाडीची चाकं करत, म्हणून ट्रॉलीच्या चाकांनाही लोखंडी पट्टीची धाव तापवून चढवली. पानावर मापं नव्हती. यजमानांनी चित्रातला कप मोजला, आमच्या घरातला कप मोजला आणि त्या प्रमाणात सगळी ट्रॉली बेतली. ती माझ्या गुडघ्याच्या जेमतेम वर आली. आम्हाला वाटलं, तिकडची माणसं बुटकी असतील.

मग आळीत ज्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार, ते घर आमची ट्रॉली मागून नेऊ लागलं. फरशीवर धावेचा खडखडाट झाला की पाहुणे सावरून बसत. दांडी इतकी खाली, की मुलगी कमरेत वाकूनच यायची. मान वर करायची सोयच नव्हती. पाहुणे म्हणायचे, पोरगी किती मर्यादेची आहे. आणि जमून जायचं. ट्रॉलीचा पायगुण चांगला असं लोक म्हणत, मला त्याचा अभिमान वाटे. एकवीस मुली त्या ट्रॉलीमागून गेल्या. आदल्या दिवशी त्यांच्याकडून सराव मीच करून घ्यायचे.

सतरावी माझी रुपाली. पुणतांब्याच्या पाहुण्यांनी चहा संपायच्या आत होकार दिला. वर्ष भरायच्या आत ती एकटी परत आली. म्हणाली, "आई, तिथं जीव गुदमरतो माझा. मी न्हाई जायची आता." मी म्हणाले, "वाकून ऱ्हा. समदं नीट हुतं." आणि तिला दुपारच्या एसटीत बसवलं. गाडी हलेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दर दिवाळीला तिचा फोन येतो, गोळ्या घेतेस का विचारते. माहेरपणाला ती पुन्हा कधी आली नाही. लग्नात आम्ही तिला दिलं ते हे.

दिशा ही कल्याणची मुलगी, माझी नात. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. गेल्या महिन्यात तिने मोबाईलवर तीच ट्रॉली दाखवली. रचना नव्वद वर्षांची, अजून तशीच बनते, आणि शिकणाऱ्या पोरांना वर्गात दाखवतात म्हणे. मग तिने टेप आणून आमची ट्रॉली मोजली. आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "आजी, तिकडचा कप मोठा असतो. आजोबांनी आपला धरला. ही अर्धा फूट बुटकी झालीये. मूळच्या ट्रॉलीपुढं एवढं वाकावं लागत नाही."

त्या दिवशी मला अन्न गेलं नाही. ज्याला आळीने मर्यादा म्हटलं ती एका कपाची चूक होती, आणि तिच्यावर भरवसा ठेवून मी माझी मुलगी घालवली.

आता येत्या रविवारी दिशाला बघायला पाहुणे येणार आहेत. तिने बापाला दोनदा नाही सांगितलं. कल्याणने ट्रॉली पुसून, चाकांना तेल घालून पडवीत आणून ठेवली आहे. तो वाईट नाही. त्याला त्या पायगुणाची खात्री आहे, आणि ती खात्री माझीच देणगी. सूनबाई गप्प आहे, मी गप्प असायचे तशीच. परवा दिशा माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ढकलते एकदा, आजी. घरात भांडण नको."

तर ही ट्रॉली मी दिशाला देते. तिने ती ठेवावी, मोडावी, नाहीतर शेडमध्ये धूळ खात पडू द्यावी. पण मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, आणि रविवार त्याआधी आहे. मी तोवर जाईन अशी लक्षणं नाहीत. डॉक्टरांनी तब्येत ठणठणीत सांगितली आहे.

कलम ५. हे कलम माझ्या हयातीतच लागू आहे, वकीलसाहेब काहीही म्हणोत. रविवारी चहा मी नेणार. दिशा पाहुण्यांसमोर खुर्चीवर ताठ बसेल, त्यांच्याकडे बघून बोलेल, आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणेल. कल्याणने मला अडवू नये. काल घरात कोणी नसताना मी पडवीपासून माजघरापर्यंत ट्रॉली ढकलून पाहिली. पाठीला पोक आल्यापासून मला वाकावं लागत नाही. दांडी बरोबर हाताशी येते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि खालील दोघांसमोर सही केली.

सही: मालनबाई आदिनाथ राऊत

साक्षीदार:
१. छबूबाई भिंगारदिवे, शेजारीण (एकवीस मुलींमधली सहावी)
२. छगन तुकाराम बोरुडे, निवृत्त पोस्टमन

स्थळ: भिंगार, अहिल्यानगर
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार