आडव्या केळीचे फोटो

आबा,

वादळात आपली केळी आडवी झाली, तिचे फोटो मी मागितले. तुम्हाला वाटलं, पोरगी पंचनाम्यासाठी काहीतरी करतेय. म्हणून चिखलात फिरून, घड दिसतील असे प्रत्येक ओळीचे फोटो तुम्ही काढले. मला ते इथे पुण्यात, गेम आर्टच्या परीक्षेसाठी हवे होते. माझ्या कॉम्प्युटर गेममध्ये वादळ येतं आणि बाग मोडते. सर म्हणाले, "इतकं खरं मोडलेलं झाड कोणाचंच नाही." खेळ नव्याने सुरू केला की बाग परत उभी राहते.

काल तुम्ही फोनवर विचारलंत, "फोटो कामी पडले ना बेटा?"

मी हो म्हणाले.

"मग आता केळी उचलू का? तुला अजून फोटो लागतील म्हणून तशीच पडू दिली."

तुमची,
डिंपल